अंकलचं गाणं

ताजू, सलाम.

राजापूरला लग्नात पेटी काढली की मी एकेकाचं नाव घेऊन गाण्यात खेचायचो, आणि ज्याचं नाव राहिलं तोच रुसायचा. तुझे अब्बा तर जेवायलाच बसले नव्हते. इथे रियाधच्या मंडळात डॉक्टर उमाकांत म्हणतात, "सिराजभाई, धमाल करा, पण कुणाचं नाव नको. डॉक्टरांवर नको, ज्याच्या व्हिसावर राहतो त्या कफीलवर तर मुळीच नको."

अरे, मग गाऊ काय, कपाळ? दिवसभर सुलैच्या गोदामात खोकी उचलायची आणि वर ह्यांना न दुखवता हसवायचं!

उरलो मी. म्हणून गेल्या सुट्टीतलं आपल्याच घरचं गायलो. बाप घरी येतो आणि लेक आईच्या ओढणीआडून विचारते, "हे अंकल कधी जाणार?" लोक हसून लोळले. आता दर कार्यक्रमाला त्याचाच वन्स मोअर, आणि व्हिडिओ गावभर.

काल तू आपल्या समरीनचं रेकॉर्डिंग पाठवलंस. तेच गाणं, चाल अचूक. 'अंकल'च्या आधी माझ्यासारखीच थांबते, आणि मागे तू हसतेयस. फोनवर मी "छान गाते" म्हणालो. बाकीचं इथे लिहिलं, पाठवणार नाही.

पोरगी माझ्याकडून काही शिकली असेल, तर एवढंच.

तुझा,
सिराज