शिंप्याचा पाय

दि. ९ मार्च, मंगळवार

तीर्थरूप दादास,

शिरसाष्टांग नमस्कार लिहायची रीत आहे, पण दात-ओठ खात साष्टांग घालता येत नाही. तेव्हा नुसता नमस्कार, तोही उभ्यानेच. इकडे सर्व क्षेम. छताची गळती थांबली. माझ्या चष्म्याचा नंबर वाढला.

आणि हो, वाहन-प्रशिक्षकाची परीक्षा मी उत्तीर्ण झाले. तुझे अभिनंदनाचे तीन फोन उचलले नाहीत. चार गल्ल्यांवर राहणाऱ्या भावाला पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

शाळेने संस्कृत बंद केलं तेव्हा तूच म्हणालास, "शिकवायची खोड आहेच तुला, माझ्यासारखी गाडी शिकव." लेखी परीक्षा पास झाले, स्वतः चालवण्याचीही झाले. शिकवण्याच्या परीक्षेत मात्र दोनदा आपटले. दोन्ही वेळा मागच्या सीटवर बसलेल्या परीक्षकांनी एकच शेरा लिहिला: 'शिकणाऱ्याच्या आधी स्वतः ब्रेक दाबतात.' खरंच होतं ते. पंचवीस वर्षं मुलांचा श्लोक संपायच्या आत मी चूक दुरुस्त करत आले. पायालाही तीच सवय. तिसरी संधी शेवटची. ती गेली की पुन्हा लेखीपासून सगळं.

परीक्षेला शिकाऊ माणूस आपणच न्यायचा असतो. तू म्हणालास, "मी पाठवतो. शिंपी आहे, परवापासून येतोय माझ्याकडे. शिलाई मशीनशिवाय आयुष्यात काही चालवलेलं नाही."

शिंपीबुवा आले. चौकात दोनदा गाडी बंद पाडली. मी पाय आवरला, धीर दिला, पुन्हा समजावलं. मनात म्हटलं, जमतंय गं बाई.

मग बाजाररस्त्यावर समोर उभ्या असलेल्या एका गाडीचं दार खाडकन उघडलं. संस्कृतातलं द्विवचन मराठीने टाकलं, पण तुझ्या शिकवणीच्या गाडीने राखलंय: दोन माणसं, दोन ब्रेक, एकमेकांना जोडलेले. एकाने दाबला की दुसऱ्याचाही खाली जातो. माझा पाय पोचला तेव्हा माझा ब्रेक आधीच तळाला गेला होता. शिंप्याने क्लच दाबला होता, आरशात मागे पाहिलं होतं, आणि न बघता धोक्याचे दिवेही लावले होते.

मागून परीक्षक म्हणाले, "वा बाई! काय तयार केलंय हो!"

परीक्षा संपल्यावर मी त्याला कचेरीमागच्या नळापाशी गाठलं. "खरं सांगा, किती वर्षं चालवताय?"

"बावीस, ताई. ट्रक. दादा म्हणाले, दोनदा बंद पाडा, मग सुधारा. सुधारणं सोपं हो, बंद पाडायला पायच तयार होईना!"

इथवर अपराध तुझा. पुढचा माझा. मला गाडीतच कळलं होतं. कचेरी यायला सहा मिनिटं होती. मी तोंड उघडलं नाही. प्रमाणपत्र घेतलं, हसले, धन्यवादही म्हटलं. परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं करणारी मी.

'तुझ्याच भल्यासाठी' असं लिहिणार असशील तर शाई वाचव. लबाडीपेक्षा मला झोंबलं ते वेगळंच. माझ्याने होणार नाही, हे तू आधीच ठरवून बसला होतास. माझा पाय थांबला असता की नाही, हे बघायचीसुद्धा तुला गरज वाटली नाही. शंका होती तर तोंडावर म्हणायचंस! भांडलो असतो, तोंड फिरवून बसलो असतो, मी पुन्हा परीक्षेला गेले असते.

रविवारी वहिनी आली. दारातच म्हणाली, "वन्सं, पास झालात ना? मग मला शिकवा. यांना तीस वर्षं विचारतेय. म्हणतात, तुला कशाला, मी आहे ना."

तुझी गाडी माझ्याकडेच होती. मैदानात नेलं. चार वेळा बंद पाडली, पाचव्यांदा सुसाट कुंपणाकडे. माझा पाय ब्रेकवर. आवरला. नको तितका आवरला, असं म्हण. तिने दाबला, पण जरा उशिरा. बंपरवरच्या ओरखड्यासाठी काल तू ज्या नोकराला फैलावर घेतलंस, त्याची आधी माफी माग.

वहिनी हसली, मग रडली, मग म्हणाली, "पुन्हा." त्या प्रमाणपत्रावर तिला शिकवणं मला जमेना. काल कचेरीत जाऊन परत दिलं, सगळं सांगितलं. "शिकाऊ कुणी आणला?" परीक्षक म्हणाले. म्हटलं, "मी." तू सुटलास, मला परीक्षेला बसायला सहा महिने बंदी, मग लेखीपासून सगळं.

त्या परीक्षेला वहिनी माझी शिकाऊ. तोवर मैदानात सरावाला दर रविवारी सकाळी आठला गाडी हवी, आणि तू घरी. तिला काही सुचवायचं नाही, चोरून काही शिकवायचं नाही. मी पुन्हा नापास झाले तर ते माझं मी होईन.

अजून प्रशिक्षक नसलेली,
तुझी धाकटी