कॉलरच्या आतलं नाव

मी, शिवदास गणपत पेडणेकर, वय ५८, धंदा शिंपीकाम, मूळ गाव कुडाळ, सध्या मुक्काम अराद, बहरीन, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. परवा छातीत कळ आली. डोके मात्र ठिकाणावर आहे आणि मला कोणी भरीस घातलेले नाही.

१. कुडाळचे घर पत्नी शेवंतीचे. अठरा वर्षे तिने माझ्याशी पत्रांतून संसार केला.

२. शिलाई मशीन मुलगी रखमा हिला. भाऊ विठ्ठल याला कात्रीसुद्धा देऊ नये. आई गेल्याची तार त्याने मला मुद्दाम केली नाही.

३. ट्रंकेतला खाकी शर्ट माझा नाही. अस्करच्या कामगार छावणीत माझे दुकान होते. लाँड्रीत कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून मी कॉलरच्या आत गिऱ्हाइकाचे नाव दोऱ्याने घालत असे. सोम नावाच्या थाई फिटरच्या सगळ्या कपड्यांवर मी ‘सोम’च घातले. १९८१ साली त्याने लष्करी शर्ट शिवून घेतला आणि आत दुसरे, त्याचे खरे नाव घालायला सांगितले: कॅप्टन बुनलर्ट. विद्यार्थ्यांवर गोळी झाडायचा हुकूम मोडून तो क्रांतिकारकांबरोबर जंगलात गेला होता. तिथेही पटेना, तेव्हा सोम नावाच्या मेलेल्या सोबत्याच्या पासपोर्टवर इथे आला. वर्षातून एकदा दुकानाचे दार लावून तो शर्ट घाली, आरशासमोर ताठ उभा राही आणि घडी करून माझ्याकडेच ठेवी. पहिल्यांदा मी हसलो होतो. त्याची अजून लाज वाटते.

१९८४ साली तो तापाने गेला. छावणीचे क्लार्क हाशिमभाई यांनी विचारले, “शिवदास, ह्याच्या घरचं कोण तुला ठाऊक आहे?”

खोटा पासपोर्ट ठाऊक असून लपवला म्हणून माझा व्हिसा जाईल या भीतीने मी म्हणालो, “मफी. कोणी नाही.”

तार खऱ्या सोमच्या गावी गेली, शवपेटीही तिकडेच. बुनलर्टची बायको मालाई थायलंडात उदोनला अजून वाट पाहत असेल. विठ्ठलाला जे मी माफ केले नाही, तेच मी केले. मेलेल्याचा व्हिसा कोणी रद्द करत नाही. म्हणून माझ्या पश्चात रखमाने हा शर्ट तिला पाठवावा आणि खरे ते कळवावे. पत्ता शर्टाच्या खिशात आहे.

४. कात्री विठ्ठलाला द्यावी.

हे सारे मी पुन्हा वाचले. एक शब्दही खोडायचा नाही.

अराद, १४ नोव्हेंबर १९८६
(सही) शिवदास गणपत पेडणेकर

साक्षीदार:
१. (सही) शरच्चंद्र बाबाजी मेस्त्री, ड्रायव्हर
२. (सही) हाशिम दाऊद परकार, क्लार्क. शिवदास, पत्ता उतरवून घेतला आहे. तुझ्या मरणापर्यंत थांबत नाही. पत्र आजच टाकतो, खाली नाव माझं.