सुगनचंदशेठची खडीसाखर

साक्री,
चैत्र वद्य पंचमी, शके १८८९

तीर्थस्वरूप आबांच्या पायाशी पुतण्या वना याचा साष्टांग नमस्कार.

आपला गुडघा आता काय म्हणतो? जळगावच्या उन्हात दुपारी बाहेर पडू नये (आपण पडणारच, पण लिहिणे माझे काम). इकडे सर्व ठीक. माझा घसा तेवढा बसला आहे. त्याचे कारण सांगतो.

आपले भाईदासराव धुळ्यात देवपुरातून नगरपालिकेला उभे राहिले, तेव्हा बेबाअक्काने मला बोलावून घेतले. म्हणाली, "वना, तुझा आवाज बाजारभर जातो. आता यांच्यासाठी वापर. हे पडले तर आखाजीला मी माहेरी यायची नाही." (अक्का नाही म्हणजे अक्षय तृतीयेला झोका नाही, गाणी नाहीत, आणि आई भरल्या डोळ्यांनी पुरणपोळ्या लाटणार.) मी तडक धुळे गाठले.

पाहतो तर भाईदासरावांचा प्रचार म्हणजे दारोदार जाऊन नळाला पाणी येते का, एवढे विचारणे. नदीकाठच्या एका गल्लीचे मत ठरायचे होते. गल्ली जिकडे, निवडणूक तिकडे, असा हिशेब होता आणि ती हळूहळू आमच्याकडे कलत होती. मला हे सगळे फार मिळमिळीत वाटले. आबा, मी बाजार समितीत लिलाव पुकारणारा माणूस. आमच्यात पुकारा वर गेला की खाली येत नाही. पहिल्या सभेत मी आमच्याविरुद्ध उभ्या असलेल्या सुगनचंदशेठना निष्काळजी म्हटले. गल्लीने माना डोलावल्या. दुसऱ्या सभेत लबाड म्हटले. टाळ्या कडाडल्या (त्या आमच्याच माणसांच्या होत्या, हे नंतर लक्षात आले). तिसऱ्या सभेत साहजिकच राक्षस. शेठ निवडून आले तर पांझरा नदी आटेल, असेही तोंडातून गेले. तेव्हा पुढे बसलेल्या मंजुळाबाई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, पांझरा ते दर उन्हायामा आटस. त्यामा सुगनशेठना काय दोष?"

दुसऱ्या दिवशी त्या गल्लीतले नथ्थूबाबा चारचौघांना घेऊन शेठच्या दुकानाकडून येताना दिसले. मी विचारले, बाबा, तिकडे कुठे? तर म्हणतात, "राक्षस कधी देखा नव्हता, म्हनीसन देखाले गऊ. त्यानी ते गादीवर बसाडं, चहा पाजा. आते तू सांग, तुन्हं बाकीनं बोलनं तरी खरं शे का?" बाकीचे म्हणजे नळ आणि गटारी, आणि ते सगळे खरे होते. पण ते पटवायला माझ्यापाशी एकच विद्या. पुकारा आणखी वाढवला. गल्लीतले उरलेले लोकही राक्षस पाहून आले.

घसा बसला तेव्हा स्वतः सुगनचंदशेठनी पुडाभर खडीसाखर पाठवली, आणि आमचा भोंगा बिघडल्यावर त्यांचा दिला. निरोप असा, की वनाभाऊंनी प्रकृती जपावी, अजून सभा व्हायच्या आहेत. केवढे मोठे मन. मी चौथ्या सभेत त्यांच्याच भोंग्यावरून त्यांना झोडपले. (खडीसाखर पाहून भाईदासराव कपाळाला हात लावून का बसले, तेव्हा कळले नाही.) गल्ली बठ्ठीच्या बठ्ठी शेठकडे गेली आणि आमचे मेहुणे पडले.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावत जावे.

आपला,
वना

ता. क. हे पत्र खरे तर आपल्या गुडघ्यासाठी नाही. अक्का शब्द पाळणार असे दिसते. आई जेवत नाही. आपला शब्द अक्का मोडत नाही, तरी आखाजीआधी देवपुरास जाऊन तिला घेऊन यावे. मी गेलो तर दार उघडायची नाही.

दुसरा ता. क. पत्र टाकायला निघालो तोच अक्काचा निरोप आला. येते म्हणाली, पण एका अटीवर. पुढल्या निवडणुकीत मी सुगनचंदशेठच्या बाजूने बोलायचे, आणि अगदी मन लावून. मी कबूल झालो. तेव्हा आपण तसदी घेऊ नये.

तिसरा ता. क. ही अट शेठच्या कानावर गेली. त्यांनी लगोलग कळवले आहे, की वनाभाऊंनी मेहुण्यांची बाजू मुळीच सोडू नये. खडीसाखर दर निवडणुकीला आमच्याकडून. अक्काची अट अशी बारगळली, तेव्हा तसदी घ्यावी.