मी चढल्याशिवाय शिडी बाहेर जाणार नाही

मी, खाली सही करणारा, वय बहात्तर, धंदा लाकडी शिड्या बनवण्याचा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचाही दबाव नसताना हे लिहून ठेवत आहे. दबाव आणायचे काम आमच्याकडे फक्त मीच करतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर सामानासह पत्नीला. पडद्यांचा रंगसुद्धा मी तिला कधी विचारला नाही. आता तिने भिंती पाडल्या तरी कोणी बोलू नये.

२. माझे रंधे, पटाशा आणि करवती धाकट्या भावाला. कारण लिहिणे भाग आहे. कारखान्याच्या पहिल्या वर्षी मी त्याला विचारले होते, "शिडी बघितलीस ना?" तो म्हणाला, "बघितली, दादा." त्या शिडीची पायरी निसटून एक रंगारी पडला आणि जन्मभर लंगडत राहिला. तेव्हापासून प्रत्येक शिडीवर मी स्वतः चढतो, मगच ती बाहेर जाते. भावाने सत्तावीस वर्षे माझ्या हाताखाली काढली. शेवटी म्हणाला, "दादा, एक तरी शिडी माझ्या शब्दावर जाऊ दे." मी नाही म्हणालो. तो गेला. आज त्याचे तीन कारखाने आहेत आणि तो कुठल्याच शिडीवर चढत नाही. नऊ वर्षे मला याचा राग आहे. राग कसला, पोटदुखी आहे.

३. कारखाना, जागा व यंत्रे मुलीला. गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. अकरा दिवस तयार शिड्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. वार्निशवाल्याने दवाखान्यात फोन करून विचारले, "मालक, ब्रश बदलू का?" माझ्यावाचून पान हलत नाही, म्हणून मी खूश. नर्सला कौतुकाने सांगितले, तर ती म्हणाली, "म्हणजे तुम्हाला आजारी पडायचीसुद्धा सोय नाही की!" ते मला लागले.

बाराव्या दिवशी मुलीने पायऱ्यांना वाळूची पोती टांगून पाहिली, ज्या सुताराने शिडी केली त्यालाच तिच्यावर चढवले आणि माल टेम्पोत भरला. मला कळताच मी पलंगावरून फोन करून टेम्पो परत फिरवला. गिऱ्हाईक भावाकडे गेले ते गेलेच. बरा झाल्यावर मी त्या सगळ्या शिड्यांवर चढलो. एकही कच्ची निघाली नाही. मुलगी एवढेच म्हणाली, "बाबा, माझी चूक तरी मला करू द्या ना."

तिला दुसऱ्या गावी चांगली नोकरी चालून आली आहे. महिनाअखेरीस उत्तर द्यायचे आहे. ती गेली तर कारखाना संपला. राहिली तर भावासारखाच तिचाही कोंडमारा माझ्या हातून होणार, याची मला जास्त भीती वाटते.

४. कारखाना कसा चालवावा याबद्दल मी सतरा सूचना लिहिल्या होत्या. वकीलबाई म्हणाल्या, "हे मृत्युपत्र आहे की कामगारांची नियमावली? मेल्यावरही तुम्हीच चढणार का?" सोळा खोडल्या. उरलेली एक: ज्याने शिडी केली त्याने तिच्यावर चढावे, आणि त्याच्या शब्दावर ती जावी. ही सूचना माझी नाही, मुलीची आहे.

५. हे कलम ऐनवेळचे. वरची सूचना आजपासून लागू करता येईल का, असे मी विचारले. वकीलबाई म्हणाल्या, "मृत्युपत्र तुमच्या माघारी लागू होतं. आजच द्यायचं असेल तर कागद कशाला हवा? मुलीला सांगा आणि घरी जा."

मी खुर्ची मागे सरकवली. मुलगी पंधरा पावलांवर सुतारांशी बोलत उभी आहे, काचेतून दिसते आहे. मला उठवत नाही. म्हणून कागद करतो आहे.

साक्षीदार:
१. आमचे डॉक्टर. माझे डोके ठिकाणावर असल्याचे त्यांनी तपासले. गुडघ्याबद्दल बोलले नाहीत.
२. शेजारचा कुलूपवाला. त्याला यातले काही मिळणार नाही, हे त्याला सांगितले आहे.

सही: शिडीवाला
ठिकाण: कारखान्यातली केबिन, दार आतून लावून
दिनांक: अठ्ठावीस, शुक्रवार. महिना संपायला दोन दिवस.