नेटवर्क ठीक होतं

प्रिय शिखा,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. राहू दे, खोडत बसत नाही.

काल फोन मध्येच तुटला तेव्हा तुला वाटलं असेल, ग्वाल्हेरचं नेटवर्क गेलं. नेटवर्क ठीक होतं. फोन मी ठेवला. नोकरी मिळाल्याची बातमी तू दिलीस, अभिनंदन केलंस आणि मग आवाज खाली आणून जे बोललीस, ते ऐकून मला पुढे बोलवेना. बोलले असते तर हिंदीत बोलले असते. मी चिडले की हिंदीवर घसरते, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तुझ्याशी मला मराठीत भांडायचंय, नीट, शेवटपर्यंत. म्हणून लिहिते आहे.

मुलाखतीपासून सुरू करते. पडद्यावर तुम्ही तिघं, तू मधोमध. ओळख दाखवायची नाही, हे तू आधीच बजावलं होतंस आणि मला ते पटलंही होतं. नोकरी वशिल्याने नकोच होती. माझं सगळं छान चाललं होतं. मग त्या चष्मेवाल्या साहेबांची नजर 'एमबीए, ऑनलाइन' वर पडली आणि ते हसले. म्हणाले, म्हणजे स्वयंपाक करता करता? पुढे म्हणाले, परीक्षासुद्धा पुस्तक उघडून दिली असेल. मी तुझ्याकडे बघितलं. तू कागदाकडे बघितलंस. आणि अगदी स्वच्छ, परक्या आवाजात मला विचारलंस की रेग्युलर का नाही केलं.

तू विचारलंस, शिखा! बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांना कुशीवर वळवायला माझ्यासोबत कोण होतं? दिवसभर शोरूममध्ये उभी राहून, हजीऱ्याहून टेम्पोत कोंबून घेऊन गोरखीला माझ्याकडे कोण यायचं? तुमच्या घरी व्हिडिओ अडकायचा, म्हणून आपण दोघी बाबांच्या पलंगाशी बसायचो, एकच इअरफोन, एक टोक तुझ्या कानात, एक माझ्या. आपल्याला डुलकी लागली की बाबा चांगल्या हाताने पलंगाची कड वाजवायचे. त्यांना बोलता येत नव्हतं, पण आपला अभ्यास त्यांनीच करून घेतला असं मी अजून म्हणते. ते गेले तेव्हा तू माझ्यापेक्षा जास्त रडलीस.

आणि पुस्तक उघडून परीक्षा! किला गेटजवळचं ते केंद्र आठव. जूनचा महिना, वर पंखा होता पण तो फिरायचा नाही. त्या पर्यवेक्षक बाईंनी माझी वेणी सोडायला लावली, तुझ्या पाण्याच्या बाटलीवरचा कागद फाडून घेतला. घाम उत्तरपत्रिकेवर पडू नये म्हणून तू मनगटाला रुमाल बांधून लिहीत होतीस. बाहेर आल्यावर आपण ठेल्यावरची गरम बेडई पुरी खाल्ली आणि तू म्हणालीस की आता आपल्याला कुणी कमी लेखून दाखवावं. मुलाखतीत तू एवढंच म्हणायचं होतंस की या परीक्षा केंद्रावर होतात, मीही तशीच दिली आहे. दोन वाक्यं. त्या साहेबांचं हसू जागच्या जागी विझलं असतं.

तू ती बोलली नाहीस, आणि बाबांच्या आजारपणाची कथा मला अनोळखी माणसांना सांगावी लागली, दया मागितल्यासारखी.

बाकीच्यांचा मला एवढा राग येत नाही. इथे लश्कर बाजारात एका शेठजींनी माझी फाइल दोन बोटांनी परत सरकवली होती, वर म्हणाले, "घर बैठे की डिग्री है, तो घर बैठो बेटा." कितीतरी ठिकाणी तर फॉर्ममध्ये 'ऑनलाइन' भरलं की पुढचं पानच उघडत नाही. नियमाने दोन्ही डिग्र्या सारख्या आहेत हे सांगायलाही समोर माणूस लागतो. ते लोक अडाणी आहेत, सोडून देते. पण तुमची कंपनी मुलाखत घरून घेते, काम घरून करून घेते, तुमचं ट्रेनिंगसुद्धा मोबाइलवर होतं. तिथे फक्त शिकलेलं घरून चालत नाही? आणि हे ठरवायच्या खुर्चीवर तू बसलेली! तू आधीपासून त्यांच्याच शोरूममध्ये नोकरीत होतीस, तुझं काम लोकांनी पाहिलं होतं, म्हणून तुझी डिग्री कुणी उलटून बघितली नाही. नशीब तुझं. त्या नशिबाला आता गुणवत्ता म्हणतेस की काय?

परवा तुमच्या शेजारच्या सुमनताई भाजीच्या ठेल्यावर भेटल्या, त्यांच्याकडून कळलं. तुझी आई आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगते, माझ्या शिखाने नोकरी सांभाळून, घरी बसून एमबीए केलं. तिला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसलेलं नाही. उलट तुझ्या भावजयीचं, उन्नतीचं नावही तिने त्याच कोर्सला घातलंय. पोरगी बाळाला मांडीवर घेऊन लेक्चर ऐकते. उद्या तिचा अर्ज तुझ्यासमोर येईल. तिलाही विचारशील, रेग्युलर का नाही केलं?

आता कालच्या फोनबद्दल. तू म्हणालीस, तुझ्यासाठी मी खूप भांडले, निवड झाली, पण रुजू होताना कागदावर नुसतं 'एमबीए' लिही, 'ऑनलाइन' गाळ. आणि आपण एकत्र शिकलो हे ऑफिसात कुणाला कळू देऊ नकोस, माझं प्रमोशन अडकेल. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तेही माझ्या पदराखाली! बंद दाराआड माझ्यासाठी भांडलीस, त्याबद्दल खरंच आभार. मला भांडणारी तू समोर हवी होतीस, त्या साहेबांच्या हसण्यापुढे.

नोकरी मी घेते आहे. ती माझ्या हक्काची आहे. कागदावर 'ऑनलाइन' लिहून आजच पाठवलं. त्यावरून त्यांनी काढून टाकलं तर शेठजींच्या म्हणण्याप्रमाणे घरी बसेन, पण खोटं लिहिणार नाही. नाही काढलं, तर सोमवारच्या मीटिंगमध्ये नव्या माणसाने आपली ओळख करून द्यायची असते असं तूच सांगितलंस. मी सांगेन की मी सीमंतिनी, ग्वाल्हेरची, ऑनलाइन एमबीए, आणि माझा निम्मा अभ्यास समोर बसलेल्या शिखाने करून घेतला. चुगली म्हणून नाही, तुझ्याशिवाय माझी ओळख पूर्ण होत नाही म्हणून. पण ते माझ्या तोंडून यावं असं मला वाटत नाही. मीटिंगची सुरुवात तू करतेस. माझ्या आधी तू बोल, एवढ्याचसाठी हे पत्र.

सोमवारपर्यंत तरी तुझीच,
सीमंतिनी