कूलरमधलं बदक

ज्योत्स्ना,

शाळेत शिकवून आल्यावर अंगणात काढून ठेवलेल्या कूलरला हात लावू नको. तुझं बदक त्यातल्या गवतात अंड्यांवर बसलंय.

छातीची पिसं गेली, बिमार आहे, विकून टाकू, म्हणून मीच तुझ्याशी भांडलो. आज गिऱ्हाईक घेऊन आलो, तर बदकानं तीच पिसं उपटून घरटं केलेलं, अन् खाली अकरा अंडे. उचलाय गेलो तर चावलं. गिऱ्हाईक वापस पाठवलं. तुझंच बराबर होतं.

मी त्याच्यासाठी दाणे आणाय कुंभार पिंपळगावला चाललो. आता महिनाभर कूलर न्हाई, म्हणून गच्चीवर गाद्या टाकल्यात. चार दिवसांपासून बैठकीत पडलेली माझी गादीबी तुझ्या बाजूलाच टाकली. वाटलं तर जराशी सरकव, पण खाली नेऊ नको.

राजानंद