आबांच्या गमबुटातला खडा

४ ऑगस्ट २०२५
आबांच्या गमबुटात खडा टाकला! काळा, मधी पांढरी रेघ. परवा त्यांनी माझ्या चहात मीठ घातलं हुतं — त्याची परतफेड. सकाळधरनं गोठ्याच्या दारात बसून वाट बघालोय, आता वरडतील, मग वरडतील. आबांनी तेच बूट घालून शेण काढलं, सहा म्हशी धुतल्या — तोंडातनं चकार शब्द न्हाय! बेत फसला.

५ ऑगस्ट
आबांच्या मोज्याला रक्त. अंगठ्याखाली पायाला भोक पडलंय आणि बापाला पत्ताच न्हाय! आई म्हणाली, "साखरंनं पाय बधिर झालाय त्येंचा." मला कुठं ठावं? गुपचूप बुटात हात घातला — खडा गायब.

१९ सप्टेंबर
दीड म्हैना झाला, जखम भरंना. राजारामपुरीत आदिती मॅडमच्या दवाखान्यात गेलतो. मॅडमनी आबांना डोळं मिटायला लावलं. हातात नायलॉनची बारीक काडी. "पायाला टेकवली की सांगा हं, काका."
आबा लगीच — "लागली! लागली!"
"अहो, अजून टेकवलीच नाही!"
मी फिस्सकन हसलो. मग मॅडम म्हणाल्या, जखम अशीच चिघळत गेली तर अंगठा काढावा लागंल.
खड्याचं सांगणार हुतो. न्हाय जमलं.

२६ सप्टेंबर
जखम साफ केली. मग आबांचंच रक्त काढलं, मशिनीत गरगर फिरवलं. खाली तांबडं, वर पिवळं. "ह्यात जखम भरून आणणाऱ्या पेशी असतात, प्लेटलेट. त्याच जखमेवर लावायच्या," मॅडम म्हणाल्या. "खात्री देत नाही. पण बऱ्याच जणांना गुण येतो. साखर आटोक्यात पाहिजे, आणि पायावर भार नको."
आबा म्हणाले, "म्हंजे माझंच दूध, माझीच साय!"

३ ऑक्टोबर
दुसऱ्यांदा लावलं. म्हशी आता माझ्या गळ्यात. आबा खाटंवरनं वरडालेत — "म्हस हाय ती, सम्राट, मोबाईल न्हवं! दाबून पिळ!" लाथ बसली. आबा खूश.

१७ ऑक्टोबर
चौथ्यांदा. रुपयाएवढी जखम हरभऱ्याएवढी झाली! आईनं मॅडमना खरवस नेला. आबांना नुसता वास दिला.

२१ ऑक्टोबर
आज सांगायचंच म्हणून खाटंजवळ गेलो. म्हणालो, "आबा, ते गमबूट..." आबा म्हणाले, "धुऊन ठेव." धुऊन ठेवलं.

९ नोव्हेंबर
जखम बंद! अंगठा शाबूत! मॅडमनी बजावलं — "रोज पाय बघायचे. बूट झटकूनच घालायचे, काका. आत खडा असला तरी तुम्हाला कळणार नाही." माझं कान तापलं. आबा शांत, म्हस रवंथ करती तसं.
उद्या सांगतोच.

१० नोव्हेंबर
सकाळी माझा गमबूट घातला आणि बोंबललो! काढून बघतोय तर खडा. काळा, मधी पांढरी रेघ.
खाटंवरनं आबा — "लागला न्हवं?"
"लागला की!"
"बेस. म्हंजे तुझा पाय अजून चांगला हाय."